उघड्या डोळ्यांची प्रार्थना

याकोबकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत वर्गावर होतो. काकू म्हणाल्या, "विनोद, काका प्रभूकडे गेले रे... सकाळी मी चहा घेऊन गेले, तर..." हातात खडू तसाच धरून मी व्हरांड्यात उभा राहिलो. त्याला आता पाच आठवडे झाले.

काका नारपोलीतल्या एका लूम कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. त्या खडखडाटात आयुष्य गेलं आणि कानही गेले. आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ रविवारी दुपारी त्यांच्या खोलीत जमायचा. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे आमच्या प्रार्थनेला भिंतीपलीकडून लूमची साथ असायचीच. काका फार उपदेश करत नसत. एकदा एवढंच म्हणाले, "विश्वास म्हंजे रविवारचा इस्त्रीचा शर्ट न्हाय रं. सोमवारी घालून कामाला जा. मळू दे." प्रार्थनेत आम्ही सगळे डोळे मिटायचो, काका मात्र टक्क उघडे ठेवून एकेकाच्या तोंडाकडे बघत बसायचे. "काका पहाऱ्यावर आहेत, डुलकी काढू नका," अशी आमची थट्टा चालायची.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. सकाळी कॉलेज, नंतर मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये काम. त्या कामावरच माझं शिक्षण उभं होतं. एक दिवस माझी ट्रॉली घसरली आणि टीव्हीचे खोके खाली आले. शेजारी यादव नावाचा हमाल होता. आवाज ऐकून सुपरवायझर धावत आला, त्याने यादवलाच धरलं आणि कामावरून काढलं. यादव माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं...

त्या रविवारी संघात प्रत्येकाने मनातल्या मनात प्रार्थना करायची होती. मी ओठातल्या ओठात पुटपुटलो, 'प्रभू, खोके मी पाडले. यादवचं काम गेलं आणि मी गप्प बसलो.' आवाज माझा मलाही आला नाही.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाला उभा होतो, तर समोर काका. ऐन ड्युटीच्या वेळी.

"सलाम काका. इकडे कुठे?"

"मानकोलीला. तुझ्यासंगं."

आम्ही रिक्षात बसलो. गोडाऊनच्या गेटपाशी काका थांबले. "आत तुला एकट्यालाच जावं लागंल. न्हाय गेलास तरी मी कुनाला बोलनार न्हाय. गेलास तर हितं मी हाय."

मी गेलो. सुपरवायझर आधी हसलाच. "अरे, पागल है क्या तू? मॅटर क्लोज झालं होतं ना!" मग त्याने यादवला कामावर परत यायचा निरोप धाडला आणि मला गेट दाखवलं. काका उन्हात तसेच उभे होते.

"गेलं काम?"

"गेलं."

"चल, वडापाव खाऊ. खरं बोललं की भूक लागती."

खाताना मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच की. लूममधी कुनाचं काय ऐकू येतंय? तोंडाकडं बघूनच समजायचं. तुमच्या प्रार्थना मी तशाच ऐकतो." मग हातातला वडापाव त्यांनी खाली ठेवला. "पन काल तू देवाशी बोलत व्हतास, आन मी मधीच वाचलं. ते माझ्यासाठी नव्हतं. माफ कर मला." आणि त्या भर रस्त्यात काकांनी मला हात जोडले.

यादवची रोजी गेली तरी तोंड न उघडणारा मी, आणि माझे ओठ वाचले म्हणून माफी मागणारा हा माणूस! विश्वासाबद्दल नंतर मी पुष्कळ ऐकलं, वाचलंही. पण तो प्रत्यक्ष बघितला तो त्या वडापावच्या गाडीपाशी.

काकांनी मला लूमवर सुताच्या कांड्या भरायचं काम मिळवून दिलं, ते करत मी पदवीधर झालो. मात्र त्या सोमवारनंतरच्या पहिल्याच रविवारपासून काकांनी प्रार्थनेत डोळे मिटायला सुरुवात केली. ऐकायचं एकच दार उरलं होतं, तेही त्यांनी आमच्यासाठी लावून घेतलं. मग प्रार्थना संपली हे त्यांना कळायचं कसं? मी शेजारी बसायचो. संपली की त्यांच्या गुडघ्यावर हलकेच थोपटायचो. ते खणखणीत "आमेन" म्हणायचे आणि मग बाकीचे सगळे.

गेल्या रविवारी, काका गेल्यानंतर पहिल्यांदाच, संघ पुन्हा त्यांच्या खोलीत जमला. नवी पोरं होती, पलीकडे लूम चालूच होते. एका मुलीची प्रार्थना संपली. माझा हात सवयीने शेजारी गेला, खुर्ची रिकामी होती. कोणीच आमेन म्हणेना. सगळे डोळे मिटून वाट बघत राहिले... तेवढ्यात दुसऱ्या बाजूला बसलेल्या काकूंनी, डोळे न उघडताच, माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.