नेमकी जागा

मार्चच्या उन्हात डांबराला सुटणारा वास, त्यात ट्रकचा धूर आणि ढाब्यावरच्या फोडणीचा ठसका मिसळला, की मला अजून काळेसाहेब आठवतात आणि कपाळाला आठी पडते.

सत्तरचं दशक उताराला लागलं होतं. माझं शिक्षण पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात झालेलं. लग्नानंतर वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत आले तेव्हा ती पोर्तुगीज भाषा ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या शालूसारखी निरुपयोगी झाली होती. ती बाहेर काढायला लावली लिस्बनहून आलेल्या डोना अमेलियांनी. या वृद्ध बाईंचा मुलगा काही वर्षांपूर्वी कारंज्याजवळच्या महामार्गावर ट्रकखाली सापडला होता. नागपुरातली त्याची कबर त्यांनी पाहिली होती. आता तो जिथे पडला ती जागा पाहून तिथे फुलं ठेवायची होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि परदेशी माणूस दिसला की काळेसाहेबांना दुसरं काही येत नसे.

कारंज्यात कधीकाळी नोकरी केली, एवढ्या भांडवलावर माझ्या यजमानांचे हे स्नेही वाटाडे झाले होते. गाडीत बसल्यापासून त्यांच्या मुखातून इंग्रजी खात्री पाझरत होती: जागा आपल्याला इंचभरही न चुकता ठाऊक आहे, आपल्या हाताच्या पाठीसारखी ठाऊक आहे. पोर्तुगीज माणूस हाताची पाठ नव्हे, तळवा ओळखतो, म्हणून मी तळवा सांगितला. डोना अमेलिया प्रत्येक वाक्याला आशेने मान हलवत होत्या आणि मला साहेबांची किळस येत होती.

एका निंबाशी त्यांनी गाडी थांबवली. समोरचा ढाबेवाला हात पुसत आला. "इथं नाई साहेब, पुलापाशी पडलता तो गोरा. मले पक्कं माहीत हाय." पुलापाशी एक गुराखी भेटला. "काऊन इथं शोधून राह्यले जी? तो त्या पळसाखाली गेलता." प्रत्येक वेळी साहेब म्हणत, "एक्झॅक्टली, मी हेच सांगत होतो." आमच्या या मुलखात वाट विचारणाऱ्याला 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी न विचारणं, त्यापेक्षा भलतीकडे, पण ठामपणे, बोट दाखवलं जातं. या अगत्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. आपलं मूल कुठे मेलं हे त्यांना कधी विचारत फिरावं लागलेलं नसतं.

पळसाखाली केशरी फुलांचा सडा पडला होता. डोना अमेलिया मैलाच्या दगडावर टेकल्या. जागेबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. तो लगेच गेला, की तळमळत पडून होता, एवढंच विचारलं. मी प्रश्न साहेबांपुढे ठेवला. सकाळपासून सगळं जाणणाऱ्या त्या माणसाची मान खाली गेली आणि इंग्रजी गळून पडलं.

"खरं सांगू वहिनी, मले नाई माहीत."

संतापाने माझे कान तापले. ज्या प्रामाणिकपणाची मी दिवसभर वाट पाहिली, तो यांना सुचावा कधी, तर आत्ता.

मी डोना अमेलियांकडे वळले. "कों तोदा आ सेर्तेझा," मी म्हणाले. संपूर्ण खात्रीने साहेब सांगताहेत, तो त्याच क्षणी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही.

त्यांनी फुलं तिथेच ठेवली. मग उठून काळेसाहेबांचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले आणि बराच वेळ सोडले नाहीत. साहेब गोंधळून माझ्याकडे पाहत होते.

"काय सांगतलं जी तुम्ही त्याईले?"

"तुम्ही सांगितलंत तेच," मी म्हणाले, आणि माझा आवाज हुबेहूब त्यांच्यासारखा ठाम होता.