दत्ताने मोजलेल्या वाड्या

सोमवार, सकाळी दहा. हजर : मी, डॉक्टर सुषमाताई, गाडीवाले नारायणमामा आणि दत्ता. दत्ता चहा मोजत होता. “कप चार. पण वेगळे किती? दोनच. साखरेचा नि बिनसाखरेचा.”

आमच्या कर्जतच्या संस्थेची गाडी वाडी-वाडीवर जाऊन डोळे तपासते. तपासणीसाठी नोंदवलेली सगळी नावं दत्ता वाडीसकट संगणकावरच्या सर्च इंडेक्समध्ये, म्हणजे शोधयादीत, भरायचा. वेगळेपण मोजण्याचा त्याला भारी नाद. लग्नाच्या पंगतीतही म्हणायचा, “माणसं ढीगभर, आडनावं पाचच!”

त्या सोमवारी त्याने ‘वाडी’ या रकान्यातली वेगळी नावं मोजली, गाडीच्या फेऱ्यांशी ताडून पाहिली आणि जाहीर केलं, “एक पण वाडी राहिली नाय. मामा, गाडी धुवायला टाका.”

दुपारी फोन आला, दत्ताने उचलला. “ठाकूरवाडीची हिरा बोलते. गाडी कवा येनार? आयला दिसत नाय, चुलीत हात घालते.”

“आली की गं! माज्यासमोर टिक हाय.”

“ती खालची रं. आमी डोंगरावरचे.”

दत्ताने यादी पुन्हा उघडली. आमच्याकडे ठाकूरवाड्या गावोगावी. यंत्राने सगळ्या मिळून एक धरली होती आणि एकीला गाडी पोचताच सगळ्याच उरकल्या होत्या. मामा म्हणाले, “तुज्या आळीत तीन दत्ता हायत. एकाचं लगीन लागलं की तिघांचं लागलं का रं?”

जेवणाचा डबा तसाच ठेवून दत्ताने माहीत होती तिथे प्रत्येक वाडीला ग्रामपंचायत जोडली आणि पुन्हा मोजलं. आकडा चांगलाच फुगला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः डोंगर चढला आणि हिराच्या आईला हाताला धरून खाली गाडीपर्यंत घेऊन आला. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर पट्टी सुटली तशी म्हातारीने त्याला न्याहाळलं. “ह्यानंच मला मोजली नव्हती व्हय?” सगळ्यांत मोठ्याने दत्ताच हसला. पण त्यानंतर कुठलाही आकडा आला की विचारायचा, “ह्यानं कुणाला गिळलंय?”

गेल्या महिन्यात त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना ग्रामपंचायत न लिहिलेल्या नोंदी तेवढ्या माझ्या हवाली केल्या. “ताई, ह्या तुमच्या.” बहुतेक मी फोनवरच निकाली काढल्या. एक कातकरवाडी उरली आहे. तिथल्या एका आजोबांचं नाव आहे, फोन नंबर नाही. चौकच्या ग्रामपंचायतीत विचारलं, शिळफाट्याला विचारलं, दोन्हीकडे उत्तर एकच, “आमच्यातली नाय.” गाडी शुक्रवारी निघते. लोधिवलीला विचारायचं अजून बाकी आहे.