आडीतला वारा आणि अप्पांचा दोर

ऑपरेशननंतर अप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, एकच शब्द धरून ठेवला होता. पोदुम. तमिळमध्ये पुरे. कॉफी वाढली की पोदुम, फिरायला चला म्हटलं की पोदुम, डॉक्टरांनी हृदय ठणठणीत आहे असं सांगितलं तरी पोदुम. "सत्तर झालीं, मा. पोदुम," असं ते इतक्या गोडीनं म्हणायचे की भांडताही यायचं नाही. आणि मला भांडता आलं नाही की माझं डोकं फिरतं.

माझं माहेर साताऱ्याचं. समुद्राशी आमचा संबंध बांगड्यापुरता. मद्रासेतल्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात दिवसभर स्क्रीनकडे बघून कंटाळा आला म्हणून मी शिडाची होडी चालवायला शिकले आणि त्या वेडात नवऱ्यालाही ओढलं. तो गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात आहे. तिथून पुलिकत सरोवर जवळ, म्हणून आमची छोटी होडी सरोवराच्या पश्चिम काठावरच्या एका गावात असते. त्या रविवारी मी अप्पांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. जन्म मद्रासेत गेला, पण या माणसानं कधी होडीत पाय ठेवला नव्हता.

दारात सासूबाईंनी कुठे चाललात हे विचारलं नाही. निघालेल्याला कुठे म्हणून विचारू नये, काम होत नाही. हा नेम त्यांच्या तंजावरी मराठी घरात आहे तसाच माझ्या साताऱ्याच्या घरातही आहे, त्यामुळे सून म्हणून मला तो शिकावा लागला नाही. पण पाण्यावर जाणाऱ्यांचा नेम नेमका उलटा. कुठे जातो, कधी येतो हे काठावर कुणाला तरी सांगून जायचं, म्हणजे उशीर झाला तर ते मोटारबोट पाठवतात. आम्ही हे नेहमी चहाच्या टपरीवरल्या बाईंना सांगतो. त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि अप्पांनी हात वर केला.

"ठिकाण बोलूं नये मा, निघतांना."

बरोबर आहे हे माझ्या हाडांनाच ठाऊक होतं. मी गप्प बसले. नवराही बसला. दोन इंजिनियर, आणि दोघेही गप्प.

आडी महिना होता, म्हणजे आपला आषाढ. सकाळभर जमिनीकडून समुद्राकडे गरम वारा सुटतो. जाताना तो पाठीशी असतो, म्हणून होडी लोण्यातून सुरी जावी तशी सरोवरातल्या बेटाकडे जाते. परत येणं मात्र जड. दुपारी समुद्रावरून गार वारा आला की त्याच्यावर बसून घरी यायचं, हे आमचं गणित. बेटाच्या पूर्वेला आडोसा मिळतो, तिथेच होडी लावायची. पण त्या बाजूला होडी सुटली तर पुढे सरोवराचं मुख आणि मुखापलीकडे बंगालचा उपसागर, मध्ये थांबवणारं कुणी नाही. म्हणून मी नांगर टाकला तरी किनाऱ्यावर एक दोर बांधायला लावतेच. नवऱ्यानं तो बांधला, पण चार पावलं वाचवायला वेड्या बाभळीच्या एका वाळक्या फांदीला.

बाभळीच्या सावलीत अप्पांना बसवून आम्ही दोघं बेटाच्या पलीकडच्या बाजूला वारा बघायला गेलो. तिथं उभं राहवेना. वाळू तोंडावर येत होती. "आडीच्या वाऱ्यांत पाटा सुद्धां उडतो," असं अप्पा सकाळीच म्हणाले होते. ती तमिळ म्हण आहे, मला वाटलं अतिशयोक्ती. तेवढ्यात मागून हाक आली. हाक कसली, आरोळी.

धावत आलो तर फांदी मोडलेली, नांगर चिखलातून ओढला जात होता आणि अप्पा वाळूत बसून, दोन्ही पाय खोडाला टेकवून, दोर धरून बसले होते. होडी त्यांना पाण्याकडे खेचत होती. होडीत प्यायचं पाणी होतं, डबे होते, त्यांच्या गोळ्या होत्या. फोनला रेंज नव्हती. आणि आम्ही या बेटावर आहोत हे जगात कुणालाही माहीत नव्हतं.

"सोडा म्हणूं नका!" ते ओरडले, आम्ही काही म्हणायच्या आधीच.

आम्ही दोघांनी दोर धरला, होडी ओढून आणली, नांगर पुन्हा रोवला आणि जाड खोडांना दोन दोर बांधले. मग नवऱ्याला घाई सुटली. अप्पांना लगेच घरी नेऊ, शीड लहान करून वाऱ्याविरुद्ध जाऊ म्हणाला. मी भडकलेच. त्या वाऱ्यात काही मोडलं की आपण सरळ समुद्रात. इथं बांधलेले आहोत, सावली आहे, गोळ्या हातात आहेत. वारा फिरेपर्यंत कुणीही हलायचं नाही. अप्पांनी गोळी घेतली, एकदाही पोदुम न म्हणता दहीभाताचा अख्खा डबा संपवला आणि सुनेचं ऐक म्हणून लेकाला बजावलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

वारा फिरायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. आधी सगळं पडल्यासारखं झालं, मग पूर्वेकडून मानेवर गार झुळूक आली. आम्ही दोर सोडले आणि शीड भरलं. अप्पा मध्ये बसले होते, तळहात सोललेले, मी त्यावर ओला रुमाल बांधलेला.

अर्ध्या वाटेवर नवऱ्याचा धीर सुटला. म्हणाला, "अप्पा, दोर सोडून द्यायचा होता तुम्ही. छातीवर केवढा ताण! होडी गेली असती तर गेली असती."

अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो शाळेत नापास झाल्यावर पाहिलं असेल.

"होडी गेली असती," ते चिडून म्हणाले, "तर मी घरीं कसा गेलों असतों रे?"

मी तोंड फिरवून शिडाकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं आलंय असंही म्हणता येईना, कारण वारा पाठीमागून होता.