बागेतला बांध

आमच्या कॉलनीतली बाग कुणाची, असं विचारलं तर समितीवाले छाती पुढे काढून आमची म्हणतील. नागुबाईला विचारलंत तर ती तिच्याच घरात शिरून घर कुणाचं म्हणून विचारणाऱ्या माणसाकडे बघावं, तसं बघेल फक्त.

नागुबाई शेजारच्या अनगोळ गावची. शहरातली टिळकवाडी संपल्यावर अनगोळच्या शिवारात ही कॉलनी उठली, तेव्हा तिच्या नवऱ्याने, आण्णाप्पाने, भावांच्या नादाला लागून शेत प्लॉट पाडायला दिलं. तिला कुणी विचारलं नाही. आण्णाप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, त्याच्यावरचा तिचा राग मात्र अजून ठणठणीत आहे. सगळीकडे बंगले झाले, पण तिच्या शेताचा तुकडा नेमका बागेसाठी सोडलेल्या जागेत आला. त्यावर लॉन आली, फरशीची वाट आली, पोटं कमी करायची लोखंडी यंत्रं आली. जांभळाखालचा कोपरा तेवढा मातीचा राहिला. तिथं पाच दगड मांडलेले आहेत. ते तिचे पांडव, शेत होतं तेव्हापासूनचे.

दरवर्षी मार्गशीर्षातल्या येळ अमावास्येला ती भाकरी, भाजी, आंबिल घेऊन तिथं येते, पांडवांची पूजा करते आणि चारी बाजूंना घास शिंपडते. जमीन पोटुशी आहे, तिचे डोहाळे पुरवायचे. याला चरगा म्हणतात. त्या दिवशी शेतात येईल त्याला जेवू घालायची रीत आहे, म्हणून मीही जेवते. माझं घर बागेच्या समोरच आहे, शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला वेळच वेळ आहे आणि नागुबाईच्या हातच्या वांग्याच्या भाजीला नाही म्हणणं मला जमत नाही.

गेल्या वर्षी समितीच्या डोळ्यांवर हा कोपरा आला. लोकांच्या गाड्या घरात मावेनात, तेव्हा तिथं सिमेंटचे ब्लॉक बसवून पार्किंग करायचं ठरलं. सेक्रेटरी नागेंद्र. खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकून इंजिनिअर झालेला, कामाला वाघ. मीटिंगमध्ये मी तावातावाने बोलले. "टीचर, तुमचं बरोबर आहे," असं सगळ्यांनी म्हटलं आणि पुढचा विषय घेतला. मला इतका संताप आला की चहासुद्धा घेतला नाही.

म्हातारीचं येणं आधी बंद करावं म्हणून बागेत बोर्ड लागला. रंगवणारा पेंटर कन्नड लिहिण्यात पटाईत. कन्नडमध्ये 'निषेध' म्हणजे मनाई. त्याने तोच शब्द उचलून मराठी ओळीत बसवला: 'बागेत जेवणाचा निषेध'.

आता आमच्या या सीमाभागात मराठी माणसाला निषेध म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. काळ्या फिती, घोषणा, बंद दुकानं, सगळं पाळण्यापासून पाहिलेलं असतं. अमावास्येला नागुबाई जेवणाची बुट्टी घेऊन आली, बोर्डापाशी थांबली आणि नातीला, तेजस्वीला, काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. तेजस्वी बँकेत नोकरी करते, आज्जीसाठी रजा काढून आली होती. तिने वाचलं आणि तिला हसू आवरेना. पेंटरला काय म्हणायचं होतं तेही तिने समजावून सांगितलं.

नागुबाई हसली नाही. जेवणाने यांचं काय घोडं मारलंय, असं तिने आधी विचारलं. मग म्हणाली, "त्येंनी जेवणाचा निषेध केलाय न्हवं? मग आमी जेवून त्येंचा निषेध करतो."

चरगा झाला. दुसऱ्या दिवशी ती परत आली, बरोबर अनगोळच्या दोन बायका. तिसऱ्या दिवशी आणखी चार. भरदुपारी बोर्डाखाली पंगत बसायला लागली. बागेचा वॉचमन परशराम त्यांना हाकलायला गेला आणि ठेचा-भाकरी खाऊन आला. मी माझा डबा घेऊन जायला लागले. खरं सांगते, इतकं चवीचं जेवण मी कितीतरी वर्षांत जेवले नव्हते.

नागेंद्रने बोर्ड बदलून घेतला. 'बागेत जेवण करण्यास सक्त मनाई आहे'. शुद्धलेखनाची एखादी तरी चूक सापडावी म्हणून मी दोनदा वाचला. एकही नव्हती. तेजस्वीचा धीर तिथं सुटला. बँकेत येऊन लोक टोमणे मारतात, आता पुरे कर, असं ती आज्जीला म्हणाली.

त्या दुपारी नागुबाईने डबा उघडला नाही. पदराची गाठ सोडून मसूर काढली, खुरप्याने माती मोकळी केली आणि जांभळाखालच्या त्या कोपऱ्यात पेरली. भोवतीने बोटभर उंच वरंबा ओढला. हंगाम उलटून गेला होता, तरी बागेच्या पाइपाने रोज पाणी घातलं. बोर्डावर पेरायला मनाई कुठे होती?

ब्लॉक टेम्पोतून येऊन पडले तोवर मसूर वर आली होती, नाजूक, हिरवीगार. सकाळी नागेंद्र कामगारांना घेऊन आला. नागुबाई पांडवांपाशी बसून होती. बाल्कन्यांमध्ये माणसं जमली. मी चपला न घालताच धावले. हा कोपरा गेला तर ही बाई जगेल, पण रागावण्यापुरतीसुद्धा उरणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नागेंद्र चढ्या आवाजात बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण त्याचं इंजिनिअरचं मराठी गळून पडलं. "आक्का, हे शेत न्हवं. शेत जाऊन लई वर्सं झाली. ही बाग हाय, आन हितं ब्लॉक बसणार. उठा."

ती उठली नाही. काम दगडांपासून सुरू करायचं होतं, ती जागा कामगारांना दाखवायला नागेंद्र निघाला. समोर मसूर. सरळ गेला असता तर चार पावलांत पोचला असता. तो वळला. चकचकीत बूट घातलेला तो माणूस एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकत, हात जरासे पसरून, त्या बोटभर वरंब्यावरून कडेकडेने निघाला. मागे फावडेवाला, त्याच्यामागे पाटीवाला, तसेच, एका ओळीत. कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. मलाही नाही.

नागुबाईला वाटलं. ती खुदकन हसली.

"नागेंद्रा," ती म्हणाली, "शेत न्हाय म्हंतोस, मग बांधानं का आलास रं?"

नागेंद्रने खाली बघितलं. त्याचे दोन्ही बूट वरंब्यावर होते. एकही रोप मोडलं नव्हतं. त्याचे कान लाल झाले. मागचा फावडेवाला फावडं टेकवून गालात हसत होता. आता परत फिरायचं तर एक तर मसूर तुडवत यायचं, नाहीतर आला त्याच वाटेने. सगळी कॉलनी त्याच्या पायांकडे बघत होती.

तो बांधानंच परतला.

ब्लॉक अजून तिथंच पडून आहेत. समिती म्हणते, काम स्थगित आहे. नागुबाई दुपारी त्या ब्लॉकांच्या ढिगावर बसते, मनाईच्या बोर्डाकडे तोंड करते आणि डबा उघडते.