आप्पांचा सोमवार

मी हवामानाच्या ऑफिसात नोकरी करते म्हटलं की आमच्या भागात माणसं आधी आभाळाकडं बघतात, मग माझ्याकडं, आणि मग हसतात. गल्लीतली म्हातारी वाळवण घालायच्या आधी मला हाक मारून विचारते, पापड घालू काय गं आज? बारशाला जावं तर तिथंही तेच. सुरुवातीला मला याचा लई राग यायचा. माझा राग नाकावर असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक, म्हणून मुद्दाम विचारायचे.

खरं तर पाऊस सांगणं हे आमच्या बेळगावच्या छोट्या ऑफिसचं काम नव्हे. ते देशाचं हवामान खातं करतं. उपग्रह, रडार, मोठमोठी कॉम्प्युटरं सगळी त्यांच्याकडं. त्यांच्याकडून आम्हाला जिल्ह्याचा पुढच्या दिवसांचा अंदाज येतो आणि आम्ही त्याचं शेतकऱ्याच्या कामाचं बोलणं करतो. हलका ते मध्यम पाऊस आहे, तर खानापूरच्या भाताला काय करायचं, निपाणीच्या तंबाखूला काय, उचगावच्या रताळ्याला काय. मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रक निघतं, कानडीत आणि इंग्रजीत, आणि फोनवरच्या गटांतून गावोगाव जातं.

पत्रक गेलं की काम झालं, असं आमच्या मॅडमना कधीच वाटलं नाही. मॅडम धारवाडकडच्या. मराठी त्यांना टीव्हीवरच्या मालिकांतून आलेली, त्यामुळं त्या रागावल्या तरी मोठ्या घरच्या सुनेनं सासूला बोलावं तसं बोलायच्या. पत्रक पाठवून झालं की त्यांचा एकच घोषा: कुणी वाचलं? वाचून काय केलं? मी म्हणायचे, मॅडम, आता काय घरोघरी जाऊन विचारायचं काय? तर त्या शांतपणे म्हणायच्या, हो, तेच तर करायचं आहे.

त्या दिवाळीनंतर ते करायची पाळी आमच्याच घरावर आली.

आमचं गाव येळ्ळूरच्या शेजारचं. वडील गेल्यावर आमच्या वाटणीचं शेत मोठ्या चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या हातात होतं. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, बेळगावात एका कंपनीत चांगली टेबलावरची नोकरी करत होती. ती तिनं एक दिवस सोडली आणि आप्पांना म्हणाली, वडलांचं शेत मी कसणार. घरात गहजब झाला. शहर आमच्या बांधापर्यंत आलेलं, शेजारच्या शिवारात प्लॉट पाडून पांढरे दगड रोवलेले, आणि ही बया नोकरी सोडून चिखलात उतरणार. आप्पांनी तिचं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. एक हंगाम कर. भात नीट घरात आलं तर शेत तुझं. न्हाय आलं तर मी प्लॉट पाडणार, मग रडायचं न्हाय.

आक्कानं वासाचं, म्हणजे आमच्याकडचं बासमतीसारखं सुवासिक भात लावलं. काय पीक आलं होतं म्हणून सांगू. बांधावरनं जाताना माणसं थांबायची. ती रोज सकाळी शेतात जायची आणि मला फोटो पाठवायची, एकाच भाताचे, वेगवेगळ्या बाजूंनी. मी चिडून म्हणायचे, अगं, कालचंच भात हाय हे. पण मनातून मला तिचा इतका अभिमान वाटायचा की ऑफिसात शिपायापासून मॅडमपर्यंत सगळ्यांना ते फोटो दाखवून झाले होते.

सुगीत आमच्याकडं पैरा असतो. म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून आज एकाच्या शेतात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. कुणाची पाळी कधी हे आधी ठरतं आणि ठरलेलं सहसा हलत नाही. त्यातून दिवाळीनंतर काही मंगळवार गावात वार पाळतात. त्या दिवशी ग्रामदेवीच्या नावानं शेतात कुणी पाऊल टाकत नाही, विळ्याला हात लावत नाही. त्या आठवड्यात सोमवारी पाळी आप्पांची होती, त्यांचं उभं भात कापायचं होतं. मंगळवारी वार. बुधवारी आक्काची मळणी. तिचं भात कापून शेतात वाळत पडलं होतं.

शनिवारी सकाळी वरून नवा अंदाज आला. बंगालच्या उपसागरातला कमी दाब जमिनीवर सरकत होता आणि बुधवारी आमच्या भागात जोराचा पाऊस दाखवत होता. कापून पडलेल्या भातावर पाऊस म्हणजे दाण्याला मोड. आम्ही लगेच जादा सूचना काढली: कापलेलं भात मळून घरात न्या, उभं असेल तर आता कापू नका. ती कानडीत सगळ्या गटांत गेली आणि मी आक्काला फोन लावला. तिनं वाचली होती. ती आप्पांकडं जाऊनही आली होती, त्यांचा सोमवार मागायला.

आप्पा काय म्हणाले असतील हे मला न सांगताही कळलं. आप्पा सीमालढ्यातले जुने कार्यकर्ते. मोर्चे काढलेले, लाठ्या खाल्लेले. कानडी पत्रकाला ते हात लावत नाहीत. त्यांचा जावई कागलला असतो, तो त्यांना कोल्हापूर जिल्ह्याचा अंदाज मराठीत पाठवतो आणि आप्पा त्याच्यावर शेती करतात. एकटे आप्पा नव्हेत, अर्धं गाव तसंच करतं. त्या दिवशी कोल्हापूरचा अंदाज होता कोरडं हवामान, कापणीला योग्य. आप्पांनी आक्काला तो वाचून दाखवला आणि सांगितलं, पोरी, आपल्या माणसांचं ऐक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांची सख्खी पुतणी, त्याच कामाचा पगार घेते, आणि मी आपलं माणूस नव्हे? मी मॅडमसमोर हे सगळं ओकले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, उद्या रविवार आहे, तुझी स्कूटर आहे ना?

आम्ही गेलो तेव्हा आप्पा अंगणात खुर्ची टाकून विळे तपासत बसले होते. पैऱ्यातल्या बायका त्या दिवसाची पाळी उरकून पायरीवर बसल्या होत्या, दुसऱ्या दिवसाचं बोलणं चाललं होतं. आक्का दाराला टेकून उभी. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ही रात्रभर झोपलेली नाही. मॅडमनी वाकून नमस्कार केला आणि आपल्या मालिकेच्या मराठीत म्हणाल्या की आपल्या भेटीनं आम्ही धन्य झालो. बायकांनी पदरात तोंडं लपवली. आणि आप्पा, ज्यांच्या घरात कानडी बातम्या लागत नाहीत, ते उठले आणि अस्सल कानडीत म्हणाले, "बर्री, कूडरी." या, बसा. मग धारवाडच्या पेढ्यापासून पाण्यापर्यंत सगळी चौकशी कानडीतच केली. मी बघतच राहिले. जन्मभर बेळगावच्या बाजारात रताळी विकलेला माणूस तो, त्याला येणार नाही तर कुणाला?

मॅडमनी पावसाचं नावच काढलं नाही. त्या विचारत बसल्या. उद्या कापणार? कापल्यावर किती वाळवता? मंगळवारी का उचलत नाही? वाराचं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणाल्या, देवीचा दिवस मोडायचा नाही. तिथंच आप्पा थोडे सैल झाले. मग मॅडमनी फोनवर उपग्रहाचं चित्र काढून त्यांच्यापुढं धरलं आणि ढग कुठून कुठं येतोय ते बोटानं दाखवलं. आप्पांनी चष्मा लावून बघितलं, आणि मग आपला फोन काढून कोल्हापूरचा अंदाज त्यांना दाखवला.

मॅडम या वेळी मराठीत बोलल्या. "हा अंदाज बरोबर आहे, आप्पा. कोल्हापूर कोरडंच राहणार. पण तुमचं शेत कोल्हापुरात नाही."

हे वाक्य आमच्या गावात, आप्पांच्या अंगणात, धारवाडच्या बाईनं म्हणावं? मी स्कूटरची किल्ली मुठीत घट्ट धरली. मॅडमच्या लक्षातच आलं नव्हतं त्या काय बोलून गेल्या ते. त्या नकाशावरचं बोलत होत्या.

आप्पांनी बोटानं फोनवरचा अंदाज पुन्हा वर सरकवला. मग मान वर न करता म्हणाले, "तेच तर दुखणं हाय, बाई." आणि हसले. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढून डोळे पुसायची पाळी आली. त्यांना हसताना बघून बायका सुटल्या, मीही सुटले. मॅडम बिचाऱ्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघत, आपण विनोद केला की काय म्हणून.

हसणं ओसरल्यावर पैऱ्यातली सगळ्यांत मोठी बाई, जी पाळ्या ठरवते, तिनं मुद्द्याचं विचारलं. तुमचा पाऊस न्हाय आला तर वो? मी म्हटलं आता मॅडम काहीतरी छातीठोक बोलणार. त्या म्हणाल्या, येईल असं वाटतंय, पण नाहीही येणार कदाचित. नाही आला तर या मुलीची मळणी दोन दिवस आधी झाली आणि आप्पांची कापणी थोडी मागं गेली. आला तर दोघांचंही भात वाचलं. म्हातारीनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी विळे गोळा केले, आक्काच्या पुढं ठेवले आणि म्हणाले, "सोमवार तुझा. पर शेताची अट तीच हाय."

सोमवारी आम्ही काय राबलो. मी रजा टाकली, मॅडमही आल्या. मळणीचं मशीन दणदणत होतं, बायका भारे बांधून डोक्यावरनं आणत होत्या आणि मॅडमच्या अंगाला भाताची कुसळं लागून त्या एकसारख्या खाजवत होत्या. कुणी त्यांना खोबरेल तेल दिलं, कुणी भाकरीवर ठेचा. ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरी भाकरी मागितली. आप्पा पोती शिवत होते. दिवस मावळायच्या आत आक्काचं भात घरात होतं आणि घरभर असा वास सुटला होता की मला शब्दच सुचेनात. माझ्यासारखीला.

मंगळवारी लख्ख ऊन. इतकं निर्लज्ज ऊन मी नोव्हेंबरात बघितलेलं नाही. वारामुळं सगळं गाव देवळासमोर मोकळं बसलेलं आणि सगळ्या गावाला करमणूक एकच, मी. कुठं अडकला गं तुझा पाऊस? बस चुकली काय त्याची? आप्पा मात्र देवळाच्या पायरीवर बसून आभाळाकडं बघत होते. त्यांचं भात उभं होतं, त्यांनी आपला सोमवार दिला होता, आणि त्यांचं ते बघणं मला टोमण्यांपेक्षा जड जात होतं. मी दर थोड्या वेळानं मॅडमना फोन करत होते. त्यांचं उत्तर तेच, अंदाज बदललेला नाही.

बुधवारी दुपारी पूर्वेकडून आभाळ भरून आलं आणि मग असा कोसळला की समोरची गल्ली दिसेना. मी ओसरीत अक्षरशः नाचले. पावसात नाचायचं माझं वय नाही, पण नाचले. आत आप्पांचा फोन वाजला, कागलचा जावई होता. तिकडं स्वच्छ ऊन आहे म्हणत होता. आप्पा ओरडून सांगत होते, हितं पडतोय, हितं, आणि आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

पाऊस उघडल्यावर आप्पा शेताकडं निघाले. आक्का आणि मी मागोमाग. त्यांचं भात बहुतेक उभं होतं, पण खालच्या कोपऱ्यातलं आडवं झालं होतं. ते बांधावर हात मागं बांधून उभे राहिले. आक्का माझा दंड धरून होती, तिची बोटं रुतत होती. भात घरात आलं होतं, अट पुरी झाली होती, पण आप्पांच्या तोंडून शब्द आलेला नव्हता, आणि पलीकडं शेजारच्या शिवारातले पांढरे दगड धुऊन चकचकीत दिसत होते.

आप्पा माझ्याकडं वळले. "जूनचा अंदाज कवा सांगतंय तुझं हपीस?"

मी म्हटलं, "पहिला एप्रिलात येतोय, आप्पा. का वो?"

"का म्हंजे? आक्काला पेरायचं न्हाय व्हय?"

आक्कानं माझा दंड सोडला आणि ती आप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.