बनाबाईची पात

कन्हेरीच्या फुलाबाईची लेक प्रतिक्षा एम.ए. करते, एवढं सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. कशात करते, ते सांगताना मात्र फुलाबाईची जीभ वळायची नाही. शेवटी तिनं आपल्यापुरतं सोपं करून घेतलं. कुणी विचारलं की म्हणायची, "चार माणसं एका जागी कामाला लागली की कशी वागत्यात, त्याचं शिक्षण हाय बाई."

"आन त्याला कॉलिजात जावं लागतं व्हय?" फुलाबाईच्या खुरपणीच्या टोळीतली रेश्मा म्हणायची. "आमच्या पिकअपमधी बसव म्हणावं दोन दिस. प्राध्यापक हूनच खाली उतरंल."

रेश्माच्या तोंडाला लगाम नव्हता, पण या खेपेला तिचं बोलणं खरं झालं. दुसऱ्या वर्षाला प्रबंध लिहायचा होता. वर्गातल्या पोरांनी बारामतीच्या एमआयडीसीतल्या कंपन्या धरल्या, कुणी बँक धरली. प्रतिक्षाला दोन गेटांवरनं वॉचमननंच परत लावलं. ती तोंड पाडून बसली तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "तुझी आई काय करते?"

"खुरपायला जाते. बायकांची टोळी आहे तिची."

"मग झालं की. माणसं फक्त एसीतच एकत्र काम करतात का? तीच टोळी घे."

अशी प्रतिक्षा सकाळच्या पिकअपमध्ये चढली. गाडी इंदापूरच्या बाजूला दादासाहेबांच्या रानावर जायची. कांदा, डाळिंब, शेडनेट, सगळा मोठा कारभार. मालक म्हातारे झालेले. आता थोरला राजवर्धन बघायचा. शिकलेला, गोड बोलणारा, बायांना ‘मावशी’ म्हणणारा पोरगा.

खुरपायला बाया बसतात त्या ओळीनं. ज्या त्या बाईनं आपल्या पुढ्यातला पट्टा धरायचा, त्याला पात म्हणायचं. पाती बरोबरीनं पुढं सरकल्या पाहिजेत. एखादी मागं राहिली की ओळीला खाच पडते, आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसाला लांबनंच कळतं, ही बाई आता थकली. मग पुढच्या खेपेला तिला निरोप येत नाही.

फुलाबाईच्या टोळीला खाच पडत नव्हती. आणि टोळीत बनाबाई होती.

बनाबाई सत्तरीच्या पुढची. डोळ्यांवर पडदा आलेला, गुडघे बसताना वाजायचे ते शेजारणीला ऐकू जायचे. घरी तिला कुणी चुलीपाशी जाऊ देत नव्हतं, की कुठं दूध उतू जाईल, कुठं पदर पेटेल. रानात मात्र ती ताठ असायची. "माज्या बरोबरच्या समद्या खाटंला लागल्या," मिसरी लावता लावता म्हणायची. "मी अजून पातीला मागं पडले न्हाय."

"तुमी कशाच्या मागं पडताय, आत्ती! आमालाच धाप लागतीया तुमच्यासंगं," रेश्मा म्हणायची, आणि बाया खाली मान घालून हसायच्या.

पहिले काही दिवस प्रतिक्षाला ते हसणं नुसतं हसणंच वाटलं. मग तिला दिसायला लागलं. बनाबाईला कधी कडेची पात मिळत नव्हती. ती नेहमी मधोमध. एका अंगाला फुलाबाई, दुसऱ्या अंगाला रेश्मा. दोघी आपली पात काढता काढता बनाबाईच्या पट्ट्यात हात घालायच्या, इकडनं एक वीत, तिकडनं एक वीत. म्हातारीपुढं उरायचा तो मधला चिंचोळा घास. तो ती मन लावून काढायची आणि सगळ्यांच्या बरोबरीनं बांधाला लागायची. त्यातनंही तिच्या नजरेतनं सुटलेलं गवत मागनं येणारी कुणीतरी चालता चालता उपटायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, कुणी कधी बोललेलं नव्हतं. बनाबाईला तर याचा वाससुद्धा नव्हता.

प्रतिक्षानं पिकअपमधनं उतरल्यावर आईला विचारलं, "आई, तुम्ही बनाआजीची पात काढता?"

फुलाबाईनं मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं का. मग म्हणाली, "दिसतंय ते बघ. त्वांडानं बोलू नगंस."

पण पोरगी शिकत होती ते बोलायचं, लिहायचंच शिक्षण होतं. पुस्तकात तिनं वाचलं होतं की घोळक्यात माणूस अंग चोरतं, आपला भार दुसऱ्यावर ढकलतं. इथं उलटंच चाललेलं. मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतनं पुढं सरकल्या. "प्रतिक्षा, हे सोनं आहे," म्हणाल्या. आजवर तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. तिनं झटून लिहिलं. टोळीचं नाव घेतलं नाही, गावाचं घेतलं नाही, बनाबाईच्या जागी ‘टोळीतील ज्येष्ठ महिला’ असं घातलं. आपण सगळी काळजी घेतली, असं तिला मनापासून वाटलं.

मार्चमध्ये कॉलेजात कार्यक्रम ठेवला. पोरांनी आपापलं काम मांडायचं, आणि ऐकायला भागातले कारखानदार, बागायतदार बोलावलेले. प्रतिक्षानं पडद्यावर एक फोटो लावला. ओळीनं बसलेल्या बायांच्या नुसत्या पाठी, तोंड एकीचंही नाही. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एकजण हसत पुढं आला. राजवर्धन होता.

"ताई, हे आमचंच रान हाय की! मागचं शेडनेट ओळखलं मी. लई भारी काम केलंस. रोज बांधावर उभा असतो, पण आमाला हे कधी दिसलं न्हाय बघ." मग जरा खाली वाकून म्हणाला, "मधी बसती ती बनामावशी ना?"

मॅडम शेजारी उभ्या होत्या, कौतुकानं बघत होत्या. प्रतिक्षानं मान हलवली. व्हय म्हणून.

राजवर्धन कुणाचं वाईट करायला निघालेला नव्हता. बनाबाईला काढा, असंही तो म्हणाला नाही. त्यानं फक्त हिशेब चोख केला. पुढच्या आठवड्यात टोळी रानात उतरली तर प्रत्येक पातीच्या तोंडाशी काठी रोवलेली, काठीवर नंबर. जिनं जेवढी पात काढली, तिला तेवढी मजुरी. सगळ्यांना सारखी हजेरी बंद. देखरेखीला एक माणूस ठेवला. कॉलेजातल्या फोटोची गोष्ट त्याच्याच तोंडनं बायांना कळली.

पहिल्या दिवशी रेश्माचा हात सवयीनं शेजारच्या पट्ट्यात गेला.

"ओ बाई, आपली पात सोडून तिकडं कशाला?" माणूस ओरडला. "ज्याची त्यानं काढायची!"

"तुज्या बापाचं गवात हाय का रं?" रेश्मा कडाडली, पण हात मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी फुलाबाईनं दोनदा चोरून हात घातला. तिसऱ्या दिवशी कुणीच घातला नाही. बाया वाईट झाल्या, असं कुणी म्हणू नये. रेश्माला दोन लेकरं होती, नवरा घरात बसून होता. प्रत्येकीला आपली काठी दिसत होती, आणि एकदा ती दिसायला लागली की दुसरीकडं बघायला मान वळत नव्हती. प्रतिक्षा बांधावर उभी राहून बघत होती. वर्षभर जे बघून ती हरखली होती, ते तिच्या डोळ्यांदेखत तीन दिवसांत विरघळलं.

बाया बांधाला लागून भाकरी सोडायला बसल्या, तेव्हा बनाबाई निम्म्यातच होती. ती कशीबशी उठून आली, हाताचा आडोसा करून मागं बघत राहिली.

"माजी पात एवढी कशी गं उरली?" म्हणाली. "बी काय येगळं पेरलंय का हितं? गवात लई दिसतंय."

फुलाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला.

"फुला, बोल की. माज्या वाटणीला वंगाळ रान दिलंय का त्यानं?"

रेश्माला ते सहन झालं नाही. कुणावर तरी ओरडल्याशिवाय तिला रडता येत नसे. "रान समद्यांना सारखंच हाय, आत्ती! इचारा फुलाक्काच्या शिकल्याल्या लेकीला! आमी तुमची पात काढत व्हतो ते तिनं मालकाला दाखवलं. फोटू लावून दाखवलं!"

बनाबाईनं प्रतिक्षाकडं बघितलंच नाही. ती फुलाबाईकडं बघत होती. "कवापासनं काढत व्हता?"

"आत्ती, तसं न्हाय..."

"कवापासनं, फुला?"

फुलाबाईनं भाकरीचा तुकडा फडक्यात परत बांधला. तेच उत्तर झालं. म्हातारी "बरं" म्हणाली. पदरानं खुरपं पुसलं आणि परत जाऊन आपल्या निम्म्या पातीवर बसली. दिवस मावळेपर्यंत ती तिथंच होती. पात संपली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पिकअपपाशी आली नाही. कुणी बोलवायलाही गेलं नाही. काय तोंडानं जायचं?

प्रतिक्षा मॅडमकडं गेली, म्हणाली, प्रबंधातनं हे प्रकरण काढून टाकूया. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "काढून काय होणार? उलट पद्धत बदलल्यावर काय झालं, तेही लिही. असं उदाहरण सहजी मिळत नाही." प्रतिक्षा राजवर्धनकडंही गेली. तो म्हणाला, "मी कुणाला नको म्हटलं का, ताई? मावशीची काठी अजून रोवलेली हाय. येऊ दे की."

शेवटी तिनं तेही लिहिलं. घरी ताट वाढताना फुलाबाई एवढंच म्हणाली, "तू खोटं काय लिवलं न्हाईस. खरंच लिवलंस." आई चार शिव्या हासडती तर बरं झालं असतं, असं पोरीला वाटलं.

निकाल लागला. पहिला वर्ग, विद्यापीठात वरचा नंबर. पेढे घेऊन प्रतिक्षा बनाबाईच्या दारात गेली. म्हातारी उंबऱ्यापाशी सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. सुनेनं चहा आणून ठेवला तशी म्हणाली, "मी मागितला व्हता, का तुजा तूच आणलास?" सून आत गेली. हल्ली ती सगळ्यांना असंच विचारायची. कुणी हात धरला तरी, कुणी चप्पल सरळ करून ठेवली तरी. आजवर कुणी कुणी काय काय करून दिलं असेल आणि आपल्याला कळलं नसेल, याच घोरात ती पडली होती.

"आजी, पेढा घ्या," प्रतिक्षा म्हणाली. "पास झाले."

"झालीस? बरं झालं, बाय." पेढा तिनं घेतला, तोंडात घातला. राग दिसत नव्हता. राग असता तर पाय धरता आले असते.

प्रतिक्षा शेजारी बसली. तांदळात खडे होते. बनाबाईच्या बोटांखालनं ते निसटत होते आणि निवडलेल्या ढिगात चालले होते. एक काळा, एक पांढरा, परत एक. प्रतिक्षाचा हात आपोआप सुपाकडं गेला.

म्हातारीनं सूप आपल्या अंगाशी ओढून घेतलं.

"नगं. माजं मी करते."

प्रतिक्षानं हात मांडीवर ठेवला. सुपातले तांदूळ संपेपर्यंत ती तिथं बसून राहिली, आणि सगळे खडे पलीकडं जाताना बघत राहिली.