पाण्याचा रकाना

रंगवलेल्या सुताची लड दोन बोटांत धरून ते दारापाशी जायचे, उन्हात उलटसुलट करायचे आणि म्हणायचे, “सावलीत रंग खोटं बोलतोय.” असं बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती स्वतःशी बोलतात की आपल्याशी, हे कळत नाही.

भवानी पेठेतल्या त्या रंगशाळेत ते रंगमास्तर होते आणि मी कार्यालयात कामाला. चादरींच्या सुताचे सगळे रंग त्यांच्या एका जाड वहीत होते. कुठली भुकटी, किती वजन, किती वेळ. साखरेच्या आजारानं त्यांची नजर मंदावत चालली, तेव्हा ते स्वतःच वही घेऊन आले.

“ताई, माझं डोळं जायच्या आत हे तुमच्या कॉम्प्युटरात घाला. नंतर मलाच वाचता यायचं न्हाय.”

मी एक साधा तक्ता केला आणि रोज थोडी पानं भरू लागले. प्रत्येक रंगापुढे ‘म. नी.’ किंवा ‘उ. नी.’ असं लिहिलेलं असे. मी ते मध्यम निळा आणि उजळ निळा असं वाचलं. लाल रंगातही निळा कशाला, याचं कुतूहल वाटलं. पण रंगाला खोली येत असेल, अशी मीच स्वतःची समजूत घातली. वजन दिलेलं नव्हतं, म्हणून ‘किंचित’ हा शब्दही माझाच.

मास्तर डोळे तपासायला गेले त्या दिवशी कामगारांनी माझ्या छापील कागदावरून डाळिंबी रंग केला.

परत आल्यावर मास्तरांनी ती लड हातात घेतली. “डाळिंबाचं वांगं केलंत की, ताई.”

मी वही पुढे केली आणि ‘म. नी.’ म्हणजे मध्यम निळा, असं वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. घरी ते तेलुगू बोलत. “म. नी. म्हंजे मंची नीळ्ळू. गोडं पाणी, नळाचं. उ. नी. म्हंजे उप्पू नीळ्ळू, खारं पाणी, बोरचं. पाणी बदललं की रंग बदलतोय. तुमचं मशीन लई हुशार हाय, पण त्याला तहान लागत न्हाय की.”

मी तक्त्यात ‘पाणी’ हा नवा रकाना केला. मग रोज दुपारी ते माझ्याशेजारी स्टुलावर बसत. मी रंगाचं नाव वाचायची, ते पाणी सांगायचे. वहीत खूण पुसट असली तरी त्यांना आठवायचं. मोरपंखीपुढची खूण मात्र पार पुसली गेली होती; त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली आणि मिटून ठेवली.

“ह्याचं उद्या सांगतो. एकदा करून बघाय पायजे.”

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. सकाळी चहा पिता पिताच गेले, असं त्यांच्या मुलीनं कळवलं.

पुढे मी दोन्ही पाण्यांत मोरपंखी करून घेतला. एक जरा हिरव्याकडे झुकलेला, दुसरा जरा निळ्याकडे. दोन्ही सुंदर. त्यांचा कुठला, हे कामगारांपैकी कुणालाच ठामपणे सांगता आलं नाही. मालक म्हणाले, “काहीतरी भरून टाका.”

तो तक्ता बंद करताना संगणक अजूनही विचारतो, एक रकाना रिकामा आहे, भरायचा का? मी ‘नंतर’ दाबते.